मांडवीची गाठ

सन 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागातील वखारींनी दाटलेल्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तापाच्या रोग्यांच्या अंगावरील गाठी पाहून प्लेगचे निदान केले, तेव्हा लोक त्यास ग्रंथिक सन्निपात म्हणू लागले. सरकारी अंमलदारांनी मात्र झडत्यांचा असा सपाटा लावला की रयतेने रोगाइतकीच बंदोबस्ताचीही धास्ती घेतली, आणि ती अनाठायी होती असे मला वाटत नाही.

त्या गाठीत काय घडत होते? पिसवेच्या दंशाने शरीरात उतरलेला जंतू आपल्या पृष्ठावरील प्रथिनांनी रक्षक पेशींना घट्ट चिकटतो आणि सुईसारख्या सूक्ष्म नळीतून त्यांच्यात अशी द्रव्ये सोडतो की पहारेकऱ्याने हाळी देण्यापूर्वीच त्याचे तोंड बांधले जावे. म्हणून आरंभी सारे शांत असते, आणि लसिकाग्रंथीत जंतूंची दाटी झाल्यावर उशिरा उठलेला दाह असा भडकतो की जांघेतील गाठ कधीकधी अंड्याएवढी फुगते व रोग्यास पाय सरळ करवत नाही.

हे पेशीगत रहस्य ठाऊक नसतानाच वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच मृत जंतूंची लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.