खूण कुणासाठी?

मुलीला न्हाण आलं की पूर्वी अनेक घरांत तिला मखरात बसवत, बायका ओटी भरत. गल्लीभर बातमी होई. मात्र आदल्या दिवसापर्यंत तिला स्वतःला कुणी काही सांगितलेलं नसे. ती खूण तिच्यासाठी नव्हतीच. बालवधूचं गर्भाधान तिच्यावर ठरे. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय, लग्न झालेलं असलं तरी, १० वरून १२ केलं. न्हाण त्याआधी आलं तर शास्त्र मोडेल, असा सनातन्यांचा आक्षेप होता. लोकमान्य टिळकांनीही कायद्याला विरोध केला. आमच्या देऊळघाटच्या मुस्लिम घरांतही ‘मुलगी बालिग झाली’ हे वाक्य मी निकाहाच्याच बोलण्यात ऐकलं.

शरीर मात्र मुलीलाच आधी सांगतं. छाती भरू लागल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. मधल्या काळात उंची झपाट्याने वाढते, काखेत केस येतात. शेवटच्या काही महिन्यांत अंगावरून पांढरं जातं. पहिला डाग तपकिरीही असू शकतो. एवढं नवव्या-दहाव्या वर्षी घरात सांगितलं, तर रक्त पाहून ‘मला काय झालं?’ म्हणत कुणी लेक न्हाणीत एकटी रडत बसणार नाही.