तगाई, ताल आणि निचरा : कोल्हापूर परिसरातील भूसंरक्षण-साहाय्याचा विकास

जमीन राखण्यासाठी खातेदारास मिळालेल्या सरकारी साहाय्याचा इतिहास बहुधा कायद्यांच्या व योजनांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. कोल्हापूर परिसराचा विचार करता या अनुक्रमाच्या मुळाशी एक विसंगती आढळते. साहाय्य एकेका खात्याला मिळत गेले. वाहते पाणी व त्याबरोबर जाणारी माती यांना मात्र खात्याची हद्द ठाऊक नसते.

ब्रिटिश मुलखात १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने विहिरी, तळी, निचरा आणि पाण्याने होणाऱ्या धुपेपासून जमिनीचे रक्षण अशा कामांसाठी तगाईची तरतूद केली. बियाणे व जनावरे यांसारख्या गरजांकरिता १८८४ चा स्वतंत्र कायदा झाला. कर्जाची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होई. अनेकांनी मिळून संयुक्त जबाबदारीवर कर्ज घेण्याची वाट कायद्यात होती. तरी तारण जमिनीचे असल्यामुळे ज्याच्या नावे जमीन नाही अशा कुळाला या साहाय्याचा आधार तोकडाच पडे. १८८३ मध्येच महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शिवारात मुरविण्याची कामे सरकारने लष्कर व पोलिसांकडून करवून घ्यावीत, असे सुचविले. कर्ज देऊन वसूल करणारे सरकार आणि स्वतः बांध घालणारे सरकार, या दोन कल्पनांतील अंतर येथे स्पष्ट होते.

करवीर संस्थानात हा प्रश्न १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी तीव्र केला. छत्रपती शाहू महाराजांच्या दरबाराने तगाई दिलीच. त्याखेरीज १९०२ मध्ये पाटबंधाऱ्यांविषयीचे धोरण जाहीर करून विहिरी व तळी यांच्या पाहणीस आरंभ केला. भोगावतीवरील राधानगरी धरण हे त्याच दृष्टीचे मोठे फळ होय. ते पूर्ण होण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला.

मुंबई इलाख्यात १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने साहाय्याचे एकक बदलले. एका शेतकऱ्याच्या अर्जाऐवजी संपूर्ण क्षेत्राची योजना आखणे, हरकती ऐकणे, बांधबंदिस्ती करून खर्चाचा वाटा धारकांकडून घेणे, अशी ही पद्धत होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर कोल्हापूरही या व्यवस्थेत आले. तथापि समपातळी बांधांचे तंत्र कमी पावसाच्या प्रदेशासाठी घडलेले होते. गगनबावडा-राधानगरीकडील अतिवृष्टीच्या उतारांवर जादा पाण्यास वाट देणे अगत्याचे असते. तेथे भातखाचरांच्या ताली हेच शेतकऱ्यांचे जुने शास्त्र होते. उलट पूर्वेकडील खोल काळ्या जमिनींना उन्हाळ्यात भेगा पडतात व बांध फुटतात. १९४८ चा कूळकायदा व १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणारा मालक झाला, आणि बांध राखण्याची जबाबदारी व त्याचे फळ एका हाती येण्याचा मार्ग खुला झाला.

पुढे शिरोळ तालुक्यात प्रश्नाचे रूप पालटले. उपसा सिंचनावरील उसाला अतोनात पाणी मिळून काळ्या जमिनी पाणथळ व क्षारपड झाल्या. भूमिगत निचऱ्याच्या सच्छिद्र नळ्यांतील पाणी शेजाऱ्यांच्या शेतांतून ओढ्यापर्यंत नेणे भाग असते. एकट्याचे कर्ज येथे निरुपयोगी ठरते. म्हणून अलीकडच्या काळात शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ही कामे केली.

१८८३ च्या कायद्यात संयुक्त कर्जाची वाट होती. ती चालण्यास लागणारा शेजाऱ्यांचा परस्पर करार मात्र कोणताही कायदा निर्माण करू शकला नाही. ताल असो वा निचऱ्याची नळी, तिची दुरुस्ती कोणी करावी हे ज्या शिवारात आधी ठरते, तेथेच साहाय्याचा पैसा जमिनीत टिकतो.