हार्वे ऑल्टर : रक्तातली छुपी कावीळ शोधणारे शास्त्रज्ञ

कावीळ झाली की आपल्याकडे आधी पथ्य सुरू होते, मग कुणीतरी माळ घालायला किंवा कावीळ उतरवायला घेऊन जाते. वर्गात मुलेही आम्हाला विचारतात, कावीळ एकच ना? नाही. दूषित पाण्या-अन्नातून येणारी वेगळी आणि रक्तातून येणारी वेगळी. यातली रक्तातून येणारी एक कावीळ जगाला माहीतच नव्हती. ती उघडकीस आणण्यात अमेरिकेच्या डॉ. हार्वे ऑल्टर यांचा मोठा वाटा आहे.

ऑल्टर यांचा जन्म १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. डॉक्टर झाल्यावर ते १९६१ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संशोधन संस्थेत रुजू झाले. तिथे बरूच ब्लुमबर्ग यांच्यासोबत काम करताना त्यांना रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडले. त्याला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' नाव पडले. पुढे कळले की तो हिपॅटायटीस बी विषाणूचाच भाग आहे. ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले.

त्या काळी रक्त चढवणे म्हणजे जिवाशी खेळ होता. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्त घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के लोकांना यकृताची सूज येई. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांकडून धोका जास्त आहे, हे ऑल्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. १९७० पासून त्यांच्या रुग्णालयाने फक्त स्वेच्छेने दिलेले रक्त घेतले आणि बीची तपासणी सुरू केली. प्रमाण झपाट्याने खाली आले, पण आजार काही संपला नाही.

१९७३ मध्ये हिपॅटायटीस ए विषाणू सापडला. ऑल्टर यांच्या चमूने जपून ठेवलेले नमुने तपासले, तर उरलेल्या रुग्णांत ए नव्हता आणि बीही नव्हता! १९७५ मध्ये त्यांनी हे जाहीर केले. आजाराला नावही तसेच पडले, 'नॉन-ए, नॉन-बी'. १९७८ मध्ये रुग्णांच्या रक्तातून तो चिंपांझींना होतो, हेही सिद्ध झाले.

हा आजार फसवा आहे. बहुतेकांचे डोळे पिवळे होत नाहीत, काही दुखत नाही. आत मात्र यकृताच्या पेशी मरत राहतात, जागोजागी व्रण साचतात आणि वीस-तीस वर्षांनी काहींना सिरोसिस किंवा कॅन्सर होतो.

विषाणू हाती लागायला १९८९ साल उजाडले. कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन आणि सहकाऱ्यांनी तो शोधला. ऑल्टर यांनी नावे लपवून दिलेल्या नमुन्यांवर अनेकांच्या चाचण्या आधी फसल्या होत्या; कायरॉनची खरी ठरली. हाच हिपॅटायटीस सी. रक्तपेढ्यांत तपासणी सुरू झाली आणि रक्तातून होणारी ही लागण जवळजवळ थांबली. २०२० चे नोबेल ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना मिळाले. तेव्हा ऑल्टर ८५ वर्षांचे होते. सब्र म्हणतात तो हा!

आता आपल्या घरचे बोलू. सीवर लस नाही, पण आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. भारतात २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. बीची लस बाळाला जन्मल्यावर २४ तासांत द्यावी. पूर्वी रक्त चढवले असेल, डायलिसिस चालू असेल किंवा घरात थॅलेसेमियाचे मूल असेल, तर एकदा तपासणी करून घ्यावी. हज-उमऱ्यात डोके मुंडवताना नवे ब्लेड मागा. हिजामा आणि खतन्याची साधनेही निर्जंतुक आहेत का, हे विचारायला लाजू नका. विचारण्यात कसली बेअदबी? जिगर सांभाळणे आपल्याच हातात आहे.