कमिरीथूची तालीम

केनियाचे नाटककार न्गुगी वा थिओंगो यांच्या अटकेचे कारण मी बरीच वर्षे त्यांच्या नाटकाच्या संहितेत शोधत होतो. ते तालमीत होते, हे उशिरा उमगले.

1977 साली त्यांची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही इंग्रजी कादंबरी आली. सत्ताधाऱ्यांवर तीत कठोर टीका होती, तरी लेखक मोकळाच राहिला. त्याच वर्षी नैरोबी विद्यापीठातील साहित्य विभागाचे हे प्रमुख लिमुरूजवळच्या कमिरीथू गावात ‘न्गाहिका न्देंदा’ (मनात येईल तेव्हा लग्न करीन) हे गिकुयू नाटक उभे करत होते. सहलेखक होते न्गुगी वा मिरी. गावातल्या साक्षरता वर्गांतून हा उपक्रम वाढला होता.

शेतकरी-कामगारांनी खुले नाट्यगृह स्वतः बांधले, भूमिकाही केल्या. तालीम उघड्यावर चाले. एखादा शब्द खटकला की म्हातारी माणसे तिथेच दुरुस्त करीत. कामगार आपल्या मजुरीचा हिशेब मांडीत. प्राध्यापक ऐकत आणि संहिता बदलत.

2 ऑक्टोबरला प्रयोग सुरू झाले, 16 नोव्हेंबरला परवाना रद्द झाला, 31 डिसेंबरला न्गुगींना अटक झाली. खटला न चालवता त्यांना सुमारे वर्षभर डांबले. तिथे टॉयलेट पेपरवर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली. सुटल्यावर विद्यापीठातली जागा मात्र परत मिळाली नाही.

1982 साली सरकारने ते नाट्यगृहच जमीनदोस्त केले. लेखकाला आधीच शिक्षा झाली होती. मग ही मोडतोड कशासाठी? प्राध्यापकाला त्याच्याच नाटकात दुरुस्त करायला शिकलेल्या गावाची ती धास्ती होती, असे मला वाटते.