रानविद्या आणि तिचें रान

अलीकडे आमच्या सुशिक्षित कुटुंबांतील तरुण मुलांना एका नव्या विद्येचा नाद लागलेला दिसतो. इंग्रजींत तिला बुशक्राफ्ट म्हणतात. आपण तिला रानविद्या म्हणूं. चकमकीनें विस्तव पाडणें, सुरीनें लांकूड तासून खुंटी किंवा चमचा करणें, दोरीच्या गांठी, पानाफांद्यांचा आडोसा, पाणी कोठें सांपडेल याचा अदमास, मातींतील खुणांवरून जनावराची ओळख, हे तिचे पाठ. या मुलांचे प्रश्न दोनच असतात : आरंभ कसा करावा, आणि सरावाला घराजवळ जागा कोठें मिळेल? पहिल्याचीं उत्तरें देणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. दुसऱ्या प्रश्नाची मात्र एका ओळींत बोळवण केलेली असते. आम्ही इतिहास शिकविणारे असल्यामुळें म्हणा, पण आम्हांस दुसराच प्रश्न अधिक वजनाचा वाटतो. या विद्येचा इतिहास हत्यारांपेक्षां जागेचाच अधिक आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट आमच्या ठाणें-कुलाब्याच्या भातखाचरांपर्यंत येऊन पोहोंचतो.

ज्याच्या घरीं रोज सरपणावर चूल पेटते त्याच्यासाठीं विस्तव पाडण्याचा वर्ग काढला तर तो हंसेल. कोयता, दोरी, पान, वाट यांचें ज्ञान हा त्याच्या संसाराचा भाग असतो. त्याला निराळें नांव नसतें. नांव देतो तो रानापासून तुटलेला मनुष्य. बुश हा शब्द ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इत्यादि वसाहतींतील न तोडलेल्या, न नांगरलेल्या मुलखाचा वाचक आहे. अमेरिकेंत याच विद्येला वुडक्राफ्ट म्हणत. तेथें अर्नेस्ट थॉम्पसन सेटन या चित्रकार व प्राणिनिरीक्षक गृहस्थानें कनेक्टिकट प्रांतांतील कॉस कॉब या गांवीं जमीन घेऊन तिला कुंपण घातलें. गांवच्या पोरांना हें खपलें नाहीं. त्यांनीं त्याच्या फाटकाची नासधूस आरंभिली. सेटननें त्यांना शासन करविण्याऐवजीं सुटींत आपल्याच रानांत मुक्कामास बोलाविलें, आणि १९०२ सालीं त्यांतून त्याचा ‘वुडक्राफ्ट इंडियन्स’ हा मुलांचा मेळा उभा राहिला. म्हणजे या विद्येच्या आधुनिक शाळांतील एक आद्य शाळा कुंपणाच्या भांडणांतून निघाली. ज्या मूळ रहिवाशांचें नांव त्या मेळ्याला दिलें त्यांची जमीन तर केव्हांच गेली होती!

सेटननें आपली पुस्तिका १९०६ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट बेडन-पॉवेल यास पाठविली. हा गृहस्थ १८७६ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, घोडदळांतील अधिकारी म्हणून लखनौस आलेला; पुढें आफ्रिकेंतील मोहिमांत टेहळणीचें काम करून आणि मॅफेकिंगचा वेढा (१८९९-१९००) सोसून तो नामांकित झाला होता. १९०७ च्या ऑगस्टांत त्यानें वीसएक मुलें घेऊन ब्राउनसी बेटावर आठवडाभर मुक्काम केला. कांहीं मुलें बड्या शाळांतलीं, कांहीं कामकऱ्यांच्या घरचीं. बेट खासगी मालकीचें होतें. मालकाची परवानगी मिळाली म्हणून तो प्रयोग झाला. पुढील वर्षीं त्याचें पुस्तक निघालें व बालवीरांची चळवळ जगभर पसरली. परंतु लंडनच्या पूर्वभागांतील गोदी-कारखान्यांच्या वस्तींत राहणाऱ्या बालवीरांना तंबू ठोकावयास जागा कोठें होती? ही अडचण ओळखून मॅक्लॅरेन नांवाच्या एका धनिकानें १९१९ सालीं चिंगफर्डजवळची गिल्वेल ही वाडी विकत घेऊन चळवळीस अर्पण केली. तेथें शिक्षकांचे वर्ग सुरू झाले; ओंडक्यांत रोवलेली कुऱ्हाड हें त्या स्थळाचें चिन्ह ठरलें. बेडन-पॉवेलला १९२९ सालीं उमरावकी मिळाली तेव्हां त्यानें आपल्या पदवींत याच वाडीचें नांव घातलें.

गिल्वेल ज्या एपिंग जंगलाला लागून आहे तें लंडनच्या इतक्या जवळ टिकलें कसें, हें पाहूं गेल्यास आणखी एक कुऱ्हाड सांपडते, आणि आमच्या मतें तिचा मान पहिला.

एपिंगच्या कडेस लाउटन नांवाचें गांव आहे. तेथील रहिवाशांस पूर्वापार एक हक्क होता : ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून २३ एप्रिलपर्यंत जंगलांतील झाडांच्या फांद्या सरपणासाठीं तोडावयाच्या. बुंध्याला हात लावावयाचा नाहीं. डोक्याच्या वर, जेथें गुरांचें व हरणांचें तोंड पोहोंचत नाहीं, तेथें फांदी छाटावयाची, म्हणजे नवे धुमारे खाल्ले न जातां वाढतात व कांहीं वर्षांनीं पुन्हां तोडीस येतात. हॉर्नबीम व बीच या जातींचीं अशीं छाटलेलीं झाडें शेंकडों वर्षें जगतात. न छाटलेल्यांहून अधिकच. कोणतें झाड कितव्या वर्षीं घ्यावें, फांदी कोठें तोडली असतां खोड कुजत नाहीं, हें ज्ञान लाउटनच्या मजुराला बापाकडून मिळत असे. आमचा तरुण जी विद्या शिकूं पाहतो ती हीच. फरक एवढाच कीं येथें विद्या आणि हक्क एकाच दांड्याला बसविलेले होते. त्या मध्यरात्रीं पहिला घाव पडला नाहीं तर सर्व गांवचा हक्क बुडेल अशी समजूत होती. जमीनदारानें त्या रात्रीं मजुरांना मेजवानी देऊन मद्यानें झिंगविण्याचा बेत केला, पण टॉमस विलिंगेल हा म्हातारा ऐन बाराला बाहेर पडून फांदी तोडून घेऊन आला, अशी दंतकथा तेथें सांगतात. ती खरी असो वा नसो, विलिंगेल मात्र खरा.

१८६५ च्या सुमारास गांवच्या जमीनदारानें, आणि तोच गांवचा धर्मोपदेशकहि होता, सुमारें तेराशें एकर जंगलाला कुंपण घातलें. विलिंगेलनें फांद्या तोडणें सोडलें नाहीं. १८६६ सालीं त्याच्या घरच्या माणसांस तुरुंगांत जावें लागलें. तेव्हां सार्वजनिक मोकळ्या जमिनी राखण्यासाठीं नुकतीच निघालेली कॉमन्स प्रिझर्वेशन सोसायटी त्याच्या पाठीशीं उभी राहिली व जमीनदारावर दावा झाला. १८७० सालीं विलिंगेल वारला आणि दावा तेथेंच थांबला. पण तंटा लंडनभर झाला होता. पुढें लंडन शहराच्या कॉर्पोरेशननें तो हातीं घेतला. या श्रीमंत संस्थेनें शहराच्या दफनभूमीच्या योजनेंत एपिंगच्या हद्दींत जमीन घेतली होती, आणि त्या जमिनीबरोबर जंगलांत गुरें चारण्याचा हक्कहि तिच्याकडे आला होता. मृतांसाठीं घेतलेली जमीन अशी जिवंतांच्या उपयोगीं पडली. १८७४ सालीं सर जॉर्ज जेसेल यांनीं कुंपणें बेकायदेशीर ठरविलीं. १८७८ सालीं पार्लमेंटनें एपिंगचा कायदा करून सुमारें सहा हजार एकर रान लोकांच्या विहारासाठीं कायमचें मोकळें राखलें. १८८२ च्या मे महिन्यांत व्हिक्टोरिया राणीनें स्वतः जाऊन तें प्रजेला अर्पण केलें.

लाउटनच्या मजुराला काय मिळालें? त्याच कायद्यानें फांद्या तोडण्याचा हक्क भरपाई देऊन संपविण्यांत आला. त्या पैशांतून १८८४ सालीं गांवांत एक सभागृह उभारलें, त्याचें नांव लॉपिंग हॉल, म्हणजे छाटणीचा दिवाणखाना. हिंवाळ्यांतील उबेचा मोबदला व्याख्यानें! मध्यमवर्गाला फिरावयास रान मिळालें, आणि ज्यानें तुरुंग सोसून तें वांचविलें त्याची कुऱ्हाड भिंतीला टांगली गेली. पुढें चाळीस वर्षांनीं त्याच रानाच्या कडेला शहरच्या मुलांना कुऱ्हाड धरण्याचे वर्ग काढावे लागले.

याच १८७८ सालीं हिंदुस्थान सरकारनें जंगलाचा कायदा केला. त्याच्या मसुद्याच्या वेळीं तीन मतें होतीं. जंगलखात्याचा पहिला इन्स्पेक्टर जनरल डिट्रिख ब्रँडिस हा जर्मन शास्त्रज्ञ म्हणे कीं गांवकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क मान्य करून गांवांचीं स्वतंत्र जंगलें राखावीं. मद्रास सरकार त्याच्याहि पुढें जाऊन रयतेची बाजू घेत होतें. तिसरा पक्ष म्हणे कीं एतद्देशीय राजांच्या अमदानींत लोक रानाचा उपयोग करीत तो केवळ राजाच्या मेहेरबानीनें. मेहेरबानी हा हक्क नव्हे, म्हणून सर्व रान सरकारचें. या पक्षाचा अग्रणी पंजाबच्या जंगलखात्यांतील एक विद्वान मुलकी अधिकारी होता. त्याचें नांव बेडन हेन्री बेडन-पॉवेल. बालवीरांच्या गुरूचा हा सावत्र भाऊ, सुमारें सोळा वर्षांनीं वडील. कायदा झाला तो बहुतांशीं याच्या मताचा. एका भावानें इकडे रानाचें दार लावण्यास मदत केली आणि दुसऱ्यानें पुढें तिकडे मुलांना रानांत कसें शिरावें हें शिकविलें. यांत कोणाचा कपटभाव आम्हांस दिसत नाहीं. दोघेहि आपल्या समजुतीप्रमाणें प्रामाणिक होते. पण एकाच घराण्यांतील हे दोन उद्योग शेजारीं ठेवल्यावांचून रानविद्येचा इतिहास पुरा होत नाहीं.

आतां ठाणें व कुलाबा जिल्ह्यांकडे पहा. तेथें भाताचें किंवा नाचणीचें रोप टाकण्यापूर्वीं जमीन भाजावी लागते. यालाच राब म्हणतात. त्यासाठीं ऐन, किंजळ इत्यादि झाडांचा टहाळ तोडून, वाळवून, त्यावर शेण, गवत, पातेरा व माती पसरून उन्हाळ्यांत पेटवितात. बुंधा राखून फांदी घ्यावयाची, दरसाल तेंच झाड घ्यावयाचें नाहीं. लाउटनच्या मजुराची आणि कुलाब्याच्या कुळाची ही विद्या अक्षरशः एकच होती. नव्या कायद्याच्या अमलांत टहाळ तोडणें गुन्ह्याच्या वाटेवर जाऊन बसलें. शेतकऱ्याचीं गुरें, सरपण, रानांतील पाला, फुलें, फळें हीं जंगलखात्यानें कशीं हिरावलीं याचें जळजळीत वर्णन जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत केलें आहे. ओरड इतकी झाली कीं १८८५ सालीं मुंबई सरकारला ठाणें-कुलाब्याच्या तक्रारींसाठीं एक कमिशन नेमावें लागलें. पण कमिशन म्हणजे पार्लमेंट नव्हे. लाउटनच्या पाठीशीं मतदार होते, वर्तमानपत्रें होतीं, लंडनच्या कॉर्पोरेशनची तिजोरी होती. कुलाब्याच्या कुळापाशीं कोयत्याखेरीज कांहीं नव्हतें. हा तंटा धुमसत राहिला, आणि २५ सप्टेंबर १९३० रोजीं चिरनेरच्या जंगल-सत्याग्रहांत तेथें माणसें गोळीला बळी पडलीं.

१९२७ चा जंगल-कायदा १८७८ च्याच वळणाचा आहे व तो अद्याप चालू आहे. त्याच्या २६ व्या कलमान्वयें राखीव जंगलांत विस्तव पेटविणें, फांदी छाटणें, परवानगीवांचून शिरणें हे गुन्हे होत. अभयारण्यांचे नियम याहून कडक. २००६ च्या वनहक्क कायद्यानें जुन्या अन्यायाची कांहीं दुरुस्ती केली, आणि गडचिरोलींतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सामूहिक हक्क मिळाला. पण तो त्या रानावर जगणाऱ्यांचा हक्क आहे, शहरांतील हौशी मुलांचा नव्हे. एपिंगमध्यें तरी काय, विस्तव पेटविण्यास तेथेंहि मनाई आहे. शिवाय छाटणी थांबल्यावर तेथील जुनीं झाडें माथ्याला जड होऊन फुटूं लागलीं, दाट सांवलींत खालचें रोप मरूं लागलें, आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत कॉर्पोरेशनला पगारी माणसें लावून विलिंगेलचें काम पुन्हां सुरू करावें लागलें.

तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही असें सांगतों. सरकारी रानांत डोळे, कान आणि वही एवढींच हत्यारें न्यावीं. एक ओढा व त्याच्या कांठचीं पांच झाडें निवडून वर्षभर दर पंधरवड्यास तींच पहावीं. सालीवरून, पानावांचून झाड ओळखतां येऊं लागलें कीं अर्धी विद्या झाली. सुरी, कोयता व विस्तव यांचा सराव आप्तांच्या किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यांत, त्याला विचारून करावा. बांधावरचें गिरिपुष्प छाटलें असतां जोमानें फुटतें व त्याचा पाला खताला लागतो. शिकाऊ हाताला याहून क्षमाशील झाड नाहीं. साग, खैर अशीं झाडें स्वतःच्या जमिनींतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडूं नयेत. आणि फाल्गुन-चैत्रांत कर्जत-मुरबाडकडे जाणें झालें, तर जेथें अजून राब भाजतात तेथें एखाद्या वृद्ध शेतकऱ्याची परवानगी घेऊन दिवसभर त्याच्या मागें हिंडावें, टहाळाचा भारा आपल्या डोक्यावर घ्यावा, आणि यंदा त्यानें कोणतीं झाडें घेतलीं व कोणतीं विसाव्याला सोडलीं तें विचारावें.