तंजावर आणि बायबलचा शब्द

धर्मग्रंथाचे भाषांतर नवे असते तेव्हा परके वाटते. रुळले की त्यातील शब्द बदलणेही पाप वाटू लागते. १५२६ मध्ये छापलेल्या टिंडेलच्या इंग्रजी 'नव्या करारा'च्या प्रती लंडनमध्ये जाळण्यात आल्या. पुढे १६११च्या भाषांतराने त्याचीच शब्दकळा मोठ्या प्रमाणावर स्वीकारली, आणि १८८१ मध्ये त्या भाषांतराची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा इंग्रज वाचक जुन्या शब्दांसाठी हळहळला.

तंजावरच्या परिसरात हीच कथा तमिळमध्ये घडली. रघुनाथ नायकाने १६२० मध्ये डेन्मार्कच्या लोकांना दिलेल्या तरंगंबाडीत १७०६ साली त्सीगेनबाल्ग हा जर्मन धर्मोपदेशक उतरला. त्याचा तमिळ 'नवा करार' १७१४-१५ मध्ये तेथेच छापला गेला. ईश्वराला काय म्हणावे, हा त्याच्यापुढचा कठीण प्रश्न. त्याने 'सर्वेश्वर' स्वीकारला, पुढे फाब्रिसियुसने 'परापरन' आणि १८७१च्या आवृत्तीने 'देवन'. प्रत्येक शब्द आधीच कोणाच्या तरी पूजेत वावरलेला होता.

या भाषेला गाणे दिले वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) यांनी. श्वार्ट्झ या धर्मोपदेशकाचे ते शिष्य आणि दुसऱ्या सरफोजी राजांचे सहाध्यायी. सरफोजींवर 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' रचली गेली. वेदनायगमांनी त्याच नाट्यप्रकारात 'बेथलेहेम कुरवंजी' लिहिली. पुढे ऱ्हेनियुसने नवे भाषांतर हाती घेतले तेव्हा फाब्रिसियुसच्या शब्दांसाठी तेच हिरिरीने उभे राहिले. एका परदेशी माणसाने घडविलेले तमिळ आता एका तमिळ कवीचा वारसा झाले होते.

सरफोजींनी गुरूचा धर्म घेतला नाही. मात्र त्याच्या स्मरणार्थ फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले, आणि छपाईची विद्याही आपलीशी केली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या देवनागरी छापखान्यातून इसापाच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत निघाल्या. त्याच दशकात बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम कॅरी मराठी शुभवर्तमान छापत होता. मराठी मुद्रणाच्या या दोन्ही आरंभखुणा महाराष्ट्राबाहेरच्या, आणि दोन्ही भाषांतरांच्या. श्रीरामपूरच्या त्या मराठीला मात्र आपल्या वेदनायगमाची दीर्घकाळ वाट पाहावी लागली; ना. वा. टिळकांनी अभंगाला ख्रिस्ताचे नाव दिले, तेव्हा ती प्रतीक्षा संपली.