मथुरेतला तो मुलगा: एक दुरुस्ती

सरोजिनी नगरहून, मुलीच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या खोलीतून बोलतोय. बाजाराचा गलका आत येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली आहे. आज नवा विषय घ्यायच्या आधी एक चूक दुरुस्त करायची आहे, आणि ती माझीच आहे.

मागच्या भागात आग्र्याहून सुटकेबद्दल बोललो. त्यात मी सांगितलं, की मथुरेत मागे ठेवलेले शंभूराजे रात्री वडिलांचा शेला उशाशी घेऊन जागत बसायचे. पुष्कळांना ते आवडलं. मग एका शिक्षिकेचा निरोप आला : ‘सर, माझ्या वर्गातल्या तीन मुलांनी हे उत्तरपत्रिकेत लिहिलंय. आधार कुठला?’

आधार नाही. तो शेला मी रचला होता.

मग ठाम काय सांगता येतं? शंभूराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. आई सईबाई ५ सप्टेंबर १६५९ ला गेल्या, तेव्हा मूल सव्वादोन वर्षांचं होतं. कापूरहोळच्या धाराऊंनी दूध पाजलं, जिजाऊंनी वाढवलं. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले गेले, आठ वर्षांच्या मुलाच्या नावे पाच हजारी मनसब आली आणि किल्ले ताब्यात येईपर्यंत तो मिर्झाराजांच्या छावणीत ओलीस राहिला.

पुढच्या वर्षी, १२ मे १६६६ ला, तो वडिलांबरोबर आग्र्याच्या दरबारात उभा होता. इथून आग्रा दोनशे किलोमीटरच्या आसपास. त्या दिवसांची जयपूरच्या माणसांनी लिहिलेली राजस्थानी पत्रं उपलब्ध आहेत. अपमान झाल्यावर महाराज पुन्हा दरबारात गेले नाहीत. मुलगा मात्र रामसिंहाबरोबर गेला. ऑगस्टमध्ये सुटका झाली. बाप पुढे निघाला, नऊ वर्षांचा मुलगा मथुरेत एका ब्राह्मण कुटुंबाकडे राहिला. मुलगा वाटेतच वारला अशी हूल उठवली गेली, असं परंपरा सांगते. पुढे तो सुखरूप राजगडावर पोहोचला.

मथुरेत त्याच्या मनात काय चाललं होतं, हे कोणत्याही कागदात नाही. आणि नेमक्या त्याच कोऱ्या जागेत आपण सगळे लिहीत आलो.

मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली ती शंभूराजांच्या मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षांनी. त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना शंभूराजांनीच देहदंड दिला होता. त्या बखरीतला राजा व्यसनी, उतावळा आहे. नाटककारांनी तोच उचलला. १९६० साली वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल कागदांवरून चरित्र लिहिलं, तेव्हा चित्र पालटलं. १९७९ साली शिवाजी सावंतांची ‘छावा’ आली आणि घराघरात पोहोचली. कादंबरीकाराला मनात शिरायचा हक्क आहे. मुखपृष्ठावरच ‘कादंबरी’ असं छापलेलं असतं. मी मात्र ‘इतिहास’ म्हणून बोलत होतो.

यात बिघडतं काय? डिसेंबर १६७८ मध्ये शंभूराजे दिलेरखानाकडे गेले. विरोधक म्हणतात, लाडानं बिघडलेलं पोर. चाहते म्हणतात, सावत्र आईनं दुखावलेलं पोर. दोघेही उत्तर बालपणात शोधतात, आणि तेही आपणच रचलेल्या बालपणात. मधली बारा वर्षं, मुलुखाचा कारभार, वारसाहक्काचा पेच, दरबारातली भांडणं हे सगळं गायब होतं. एकवीस वर्षांच्या युवराजाला आपण कायमचा मथुरेतला मुलगा करून टाकतो. चुकला असेल तर त्याची चूकही त्याची राहत नाही, आणि पुढे मार्च १६८९ मध्ये जे धैर्य दाखवलं तेही नाही.

फौजेत आम्हाला शिकवलं होतं, की अहवालात ‘पाहिलं’ आणि ‘अंदाज आहे’ हे वेगळ्या ओळींत लिहायचं. ते एकत्र झालं तर पुढची तुकडी चुकीच्या टेकडीवर चढते. चाळीस वर्षांपूर्वी शिकलेला हा धडा मी कॅमेऱ्यासमोर विसरलो.

का विसरलो, तेही सांगतो. माझी बदली सीमेवर झाली तेव्हा मुलाला वसतिगृहात ठेवलं. तोही नऊ वर्षांचा होता. फाटकाशी तो रडला नाही. पुढच्या सुट्टीत त्याच्या उशाखाली माझा जुना मफलर सापडला. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. शंभूराजांच्या उशाशी मी जो शेला ठेवला, तो हा मफलर होता.

म्हणजे ती गोष्ट खोटी नव्हती, पण शंभूराजांची नव्हती. त्या शिक्षिकेला मी तसं कळवलं आहे, मागच्या भागाखालीही दुरुस्ती लिहिली आहे. मुलांचे गुण कापू नका, एवढी विनंती केली. चूक वक्त्याची आहे.

पुढच्या भागात औरंगाबादेतल्या दिवसांबद्दल बोलू. कागद असेल तिथे कागद दाखवीन, अंदाज असेल तिथे अंदाज म्हणेन. तुम्हीही विचारत राहा.

जय हिंद.